विंडोज ‘शट डाउन’ करूनही डी ड्राइव्ह अडकतो, तो का?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

विंडोज १० ला मिळणारे मायक्रोसॉफ्टचे मोफत पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. टीपीएम २.० ही सुरक्षा चिप नसलेल्या किंवा जुन्या प्रोसेसरच्या यंत्रांवर विंडोज ११ रीतसर चढत नाही. त्यामुळे धडधाकट जुना लॅपटॉप मोडीत काढण्यापेक्षा विंडोजच्या शेजारीच उबंटू किंवा लिनक्स मिंट ही लिनक्स प्रणाली टाकून घ्या, असा सल्ला दुकानांतून, कॉलेजांतून आणि वर्तमानपत्रांच्या तंत्रज्ञानाच्या सदरांतूनही दिला जातो. सल्ला योग्य आहे. मात्र त्यासोबत जी एक गोष्ट सांगायला हवी ती बहुधा राहून जाते आणि नंतर लोकांचे फोटो, पावत्या, प्रकल्प पणाला लागतात. त्यासाठी हे पत्र.

तक्रार ठरलेली असते. काल विंडोज व्यवस्थित बंद केली, आज लिनक्स सुरू केले, तर डी ड्राइव्ह उघडत नाही. किंवा उघडतो पण त्यात काहीच साठवता येत नाही, फाइल पुसता येत नाही, नवे फोल्डर करता येत नाही. मग ‘हार्डडिस्क गेली’ असे निदान होते, किंवा ‘लिनक्सला विंडोजचे ड्राइव्ह जमत नाहीत’ असा ग्रह होतो. बहुतेक वेळा दोन्ही चूक असतात. लिनक्सने ड्राइव्ह मुद्दाम अडवलेला असतो, आणि तो आपल्याच भल्यासाठी.

२०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय मुळातच चालू असते. आपण ‘शट डाउन’ दाबतो तेव्हा आपली उघडी सॉफ्टवेअर बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर यांची स्मृती सी ड्राइव्हवरच्या ‘हायबरफिल.सिस’ या लपलेल्या फाइलमध्ये जशीच्या तशी उतरवली जाते. दुसऱ्या दिवशी विंडोज नव्याने सुरू होत नाही, ती फाइल पुन्हा स्मृतीत चढते. त्या स्मृतीत नुसता सी ड्राइव्ह नसतो. डी, ई असे जे जे एनटीएफएस (विंडोजची फाइली मांडण्याची पद्धत) पार्टिशन, म्हणजे डिस्कचे भाग, चालू होते त्यांचा तपशीलही असतो: कोणती फाइल कुठे आहे, कोणती जागा मोकळी आहे. हिशेबनीस शिल्लक डोक्यात ठेवून घरी गेला आणि रात्री दुसऱ्या कोणी त्याच खातेवहीत नोंदी केल्या, तर सकाळी तो आपल्या डोक्यातल्या आकड्यांवरूनच पुढे लिहिणार. लिनक्समधून डी ड्राइव्हवर साठवलेली फाइल विंडोजच्या लेखी अस्तित्वातच नसते. ती जागा मोकळी समजून विंडोज तिच्यावर लिहिते. फोल्डर रिकामे दिसणे, फाइल उघडताच ‘करप्ट’ म्हणणे, सुरू होताना चेक डिस्क ही डिस्कतपासणी लागणे, हे सगळे त्यातून येते.

म्हणून लिनक्समधला एनटीएफएस-३जी हा ड्रायव्हर आधी खातरजमा करतो. सी ड्राइव्हबाबत तो ‘विंडोज इज हायबरनेटेड’ असे सांगतो, डी-ई बाबत ‘मेटाडेटा केप्ट इन विंडोज कॅश’ असे सांगतो, आणि माउंट करायला, म्हणजे ड्राइव्ह वापरासाठी जोडून द्यायला, नकार देतो किंवा फक्त वाचण्यापुरता उघडून देतो. लिनक्स कर्नल (प्रणालीचा गाभा) ५.१५ पासून, म्हणजे २०२१ अखेरपासून, पॅरागॉन कंपनीने दिलेला एनटीएफएस३ हा दुसरा ड्रायव्हर कर्नलमध्येच आला. तो वेगवान आहे, पण त्याचा संदेश नवख्याला घाबरवतो. पार्टिशनवर ‘डर्टी’ ही खूण असेल तर पडद्यावर ‘राँग एफएस टाइप, बॅड ऑप्शन, बॅड सुपरब्लॉक’ अशी लांबलचक ओळ येते. ती वाचून पार्टिशन उद्ध्वस्त झाले असे वाटते. खरे कारण डीमेसेज (dmesg) या आज्ञेने दिसणाऱ्या शेवटच्या ओळींत असते: ‘व्हॉल्यूम इज डर्टी अँड फोर्स फ्लॅग इज नॉट सेट’. याचा अर्थ एवढाच, की विंडोजने हे पार्टिशन नीट मिटवलेले नाही, किंवा तपासणी बाकी आहे. दुकानात यंत्र नेण्याआधी ही ओळ पाहावी. फॉरमॅट मारण्याचा खर्च आणि मनस्ताप वाचतो.

(या पत्रातल्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत कराव्यात.)

उपाय विंडोजमध्येच करायचा असतो. कंट्रोल पॅनलमध्ये ‘पॉवर ऑप्शन्स’, त्यात ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’, मग वरची ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’ ही निळी ओळ दाबायची. ती दाबल्याशिवाय खालचे चौकोन फिकट राहतात आणि हात लावू देत नाहीत. इथेच पुष्कळ जण सोडून देतात. मग ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’ समोरची बरोबरची खूण काढायची आणि ‘सेव्ह चेंजेस’. दुसरा रस्ता कमांड प्रॉम्प्टचा: तो ‘रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर’ करून उघडायचा आणि ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’ ही आज्ञा द्यायची. याने हायबरनेशनच, म्हणजे स्मृती डिस्कवर उतरवून यंत्र बंद करण्याची सोयच, बंद होते, हायबरफिल.सिस पुसली जाते आणि सी ड्राइव्हवर जागा मोकळी होते. ही फाइल साधारणपणे रॅमच्या ४० टक्के असते, म्हणजे ८ जीबी रॅमच्या यंत्रावर ३ जीबीहून थोडी अधिक.

दोहोंतला कोणता रस्ता? डेस्कटॉपला सरळ दुसरा. लॅपटॉपला मात्र पहिला बरा, कारण बॅटरी अगदी संपत आली की हायबरनेट होऊन काम वाचते, ती सोय घालवू नये. फक्त ‘हायबरनेट’ झालेल्या विंडोजनंतर लिनक्समधून विंडोजच्या कोणत्याही पार्टिशनवर लिहायचे नाही, हे पथ्य पाळावे लागते. उलट बाजूनेही तेच. डी ड्राइव्ह माउंट असताना लिनक्स हायबरनेट केले आणि मधेच विंडोज सुरू केली, तर नुकसान तितकेच होते आणि तिथे अडवायला कोणी नसते.

फास्ट स्टार्टअप काढल्याने यंत्र सुरू व्हायला फार वेळ लागतो का? एसएसडी असेल तर फरक काही सेकंदांचा. जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर तो जाणवतो, पण अशा यंत्रावर दोन प्रणाल्या असतील तर ती किंमत मोजलीच पाहिजे.

एक तात्पुरती युक्तीही उपयोगी आहे. ‘रीस्टार्ट’ केल्यावर विंडोज पूर्ण बंद होते. फास्ट स्टार्टअपचा प्रकार फक्त ‘शट डाउन’ला लागू असतो. म्हणून विंडोजमधून लिनक्समध्ये जाताना रीस्टार्ट करून बूट मेन्यूत लिनक्स निवडावे. किंवा शिफ्ट कळ दाबून धरून शट डाउनवर क्लिक करावे. तेवढ्या वेळेपुरती विंडोज खरी बंद होते. कॉलेजच्या लॅबमध्ये सेटिंग बदलायचा अधिकार नसतो, तिथे विद्यार्थ्यांना हे शिकवून ठेवावे. आणखी एक: विंडोजचे मोठे अपडेट झाल्यावर ही खूण पुन्हा लागलेली आढळते. महिनोन्महिने नीट चाललेला ड्राइव्ह अपडेटनंतर अचानक अडला, तर आधी ती खूण तपासावी.

आता इंटरनेटवर सर्रास सापडणाऱ्या सल्ल्यांबद्दल. ड्राइव्ह अडला की ‘एनटीएफएसफिक्स चालवा’ असे सांगणारे शंभर जण भेटतात. ही आज्ञा चेक डिस्क नव्हे. ती काही ढोबळ विसंगती जुळवते, एनटीएफएसचा जर्नल कोरा करते आणि पुढच्या वेळी विंडोजने तपासणी करावी अशी नोंद ठेवते. ‘-डी’ जोडले तर डर्टी खूण पुसते. जर्नलमध्ये अर्धवट राहिलेल्या व्यवहारांच्या नोंदी असतात आणि विंडोज त्यांवरून पार्टिशन जाग्यावर आणते. त्या नोंदी आधीच पुसल्या, तर तो आधार जातो. खूण पुसून ड्राइव्ह उघडतो खरा, पण आतला बिघाड तसाच राहतो आणि आपण त्यावर नवे लिहीत जातो. ‘रिमूव्ह_हायबरफाइल’ हा माउंटचा पर्याय याहून धोक्याचा. त्याने विंडोजची साठवलेली स्थिती कायमची पुसली जाते. हायबरनेट करताना जे काम उघडे होते आणि सेव्ह केलेले नव्हते, ते गेलेच. एनटीएफएस३ ला ‘फोर्स’ देणे हेही त्याच पंक्तीतले.

योग्य क्रम असा. विंडोज सुरू होत असेल तर तिच्यातच जावे. कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून ‘चेकडिस्क’ची आज्ञा, म्हणजे सीएचकेडीएसके, पुढे डी आणि अपूर्णविराम (:), पुढे ‘/एफ’. हे ‘/एफ’ विसरले तर विंडोज फक्त पाहणी करते, दुरुस्ती करत नाही. काम संपल्यावर दोनदा रीस्टार्ट करून विंडोजमध्येच यावे आणि मग लिनक्समध्ये जावे. दोनदा का, तर काही दुरुस्त्या पुढच्या सुरुवातीला पुऱ्या होतात.

विंडोज सुरूच होत नसेल तर घाई करू नये. ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरता, ‘आरओ’ पर्याय देऊन माउंट करावा आणि आधी महत्त्वाचा डेटा वेगळ्या डिस्कवर काढून घ्यावा. त्याच बैठकीत ‘स्मार्टसीटीएल -ए’ने डिस्कची प्रकृती पाहावी. ‘करंट पेंडिंग सेक्टर’ शून्याहून जास्त आणि वाढता असेल, तर प्रश्न फास्ट स्टार्टअपचा राहिलेला नाही, डिस्कच मरते आहे. अशा वेळी चेक डिस्क चालवणे म्हणजे तिच्यावर आणखी भार. आधी डीडीरेस्क्यू या लिनक्सच्या आज्ञेने संपूर्ण डिस्कची प्रत काढावी आणि पुढचे उपचार प्रतीवर करावेत. डिस्क ठणठणीत असेल तर विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून सुरू करून शिफ्ट आणि एफ१० दाबावे. उघडणाऱ्या काळ्या खिडकीत चेक डिस्क चालते. तिथे ड्राइव्हची अक्षरे बदललेली असू शकतात, डी चा ई झालेला असतो, म्हणून आज्ञा देण्याआधी ‘डीआयआर’ने आत काय आहे ते पाहून खात्री करावी. एनटीएफएसफिक्सची पाळी येते ती या सगळ्यानंतर, हाताशी विंडोजची कुठलीच सोय नसेल तेव्हा.

डी ड्राइव्ह दर वेळी आपोआप माउंट व्हावा म्हणून अनेक जण ‘/ईटीसी/एफस्टॅब’ या फाइलमध्ये ओळ घालतात. चुकीच्या ओळीमुळे अख्खे लिनक्सच अडकू शकते, म्हणून इथे थोडे थांबतो. पार्टिशनची ओळख ‘/डेव्ह/एसडीए३’ अशा नावाने देऊ नये, दुसरी डिस्क जोडली की ही नावे सरकतात. ‘एलएसबीएलके -एफ’ने मिळणारा यूयूआयडी, म्हणजे पार्टिशनचा स्वतःचा ओळखक्रमांक, द्यावा, एनटीएफएसचा यूयूआयडी सोळा अंक-अक्षरांचा, मध्ये आडव्या रेघा नसलेला असतो. पर्यायांत ‘यूआयडी=१०००, जीआयडी=१०००, यूमास्क=०२२, विंडोज_नेम्स, नोफेल’ हे स्वल्पविरामांनी जोडून, मध्ये मोकळी जागा न सोडता लिहावेत. ओळीच्या शेवटचे दोन आकडे शून्य, कारण लिनक्सने सुरू होताना एनटीएफएसची तपासणी करायला जाऊ नये.

यात ‘नोफेल’ला पर्याय नाही. ते नसेल आणि विंडोजमध्ये कोणी डी ड्राइव्ह फॉरमॅट केला, तर यूयूआयडी बदलतो. लिनक्स सुरू होताना जुन्या यूयूआयडीची दीड मिनिट वाट पाहते आणि मग ‘इमर्जन्सी मोड’ असे लिहिलेल्या काळ्या पडद्यावर थांबते. सामान्य माणूस इथे लिनक्सच काढून टाकतो. ‘विंडोज_नेम्स’मुळे अपूर्णविराम (:), प्रश्नचिन्ह असलेली नावे लिनक्समधून दिली जात नाहीत, ती दिली गेली तर विंडोजला त्या फाइली ना उघडता येतात ना पुसता. फाइल सेव्ह केल्यावर यंत्र लगेच रीस्टार्ट न करता ‘सुडो सिस्टमसीटीएल डेमन-रीलोड’ आणि मग ‘सुडो माउंट -ए’ देऊन पाहावे. चूक असेल तर ती तिथेच कळते.

ड्राइव्ह काढण्याच्या बाजूकडे लोक कमी लक्ष देतात. लिनक्समध्ये बाहेरच्या हार्डडिस्कवर दोन जीबीची चित्रफीत टाकली की कॉपीची पट्टी झटकन भरते. प्रत्यक्षात डेटा अजून रॅममध्ये असतो आणि मागाहून सावकाश डिस्कवर उतरतो. पट्टी भरली म्हणून केबल ओढली की फाइल अर्धी आणि पार्टिशन डर्टी. फाइल व्यवस्थापकातले बाणाचे चिन्ह दाबावे आणि ‘आता काढू शकता’ असा संदेश येईपर्यंत थांबावे. यूएसबी २.० च्या स्वस्त पेनड्राइव्हला यात कित्येक मिनिटे लागतात, ते बिघडल्याचे लक्षण नव्हे. किती उरले ते पाहायचे असेल तर ‘/प्रॉक/मेमइन्फो’ फाइलमधले ‘डर्टी’ आणि ‘राइटबॅक’ हे दोन आकडे पाहावेत; ते खाली येताना दिसतात.

‘टार्गेट इज बिझी’ असे म्हणत ड्राइव्ह निघत नसेल, तर कोणीतरी तो धरून ठेवलेला असतो. सर्वांत जास्त वेळा तो गुन्हेगार म्हणजे त्याच ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये उभी असलेली टर्मिनलची, म्हणजे आज्ञा टाइप करायची, खिडकी. ‘सीडी’ एवढेच टाइप करून एंटर दाबले की ती घरच्या फोल्डरमध्ये जाते आणि ड्राइव्ह सुटतो. नाहीतर ‘एफयूझर -व्हीएम’ आणि पुढे माउंटचा पत्ता दिला की कोणते प्रोग्राम धरून बसले आहेत त्यांची यादी येते. त्यांना रीतसर बंद करावे. ‘यूमाउंट -एल’ हा आळशी मार्ग टाळावा: त्याने ड्राइव्ह नजरेआड होतो, पण उघड्या फाइलींचे लिहिणे मागे चालूच असते, आणि निघाला असे समजून आपण केबल काढतो. विंडोजमध्येही यंत्र बंद करण्याआधी बाहेरची डिस्क ‘इजेक्ट’ करून काढावी, जोडलेली ठेवून शट डाउन करू नये.

काही वेळा अडचण वेगळीच असते. नव्या लॅपटॉपवर ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करण्याची सोय, कारखान्यातूनच चालू येते. मग लिनक्सला एनटीएफएस दिसतच नाही, ‘बिटलॉकर’ दिसते आणि परवलीचा शब्द मागितला जातो. ४८ अंकी रिकव्हरी की लिनक्स टाकण्याआधीच कागदावर उतरवून घ्यावी, कारण बूटची मांडणी बदलली की विंडोजही ती मागू शकते. डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये (यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये) स्टोरेज ‘रेड’ (RAID) किंवा ‘इंटेल आरएसटी’वर असण्याची शक्यता मोठी. ते एएचसीआय या साध्या पद्धतीवर आणावे लागते, पण विंडोजची आधी तयारी न करता बदलले तर विंडोज निळ्या पडद्यावर अडते. आणि वनड्राइव्हच्या फोल्डरमधली फाइल लिनक्समध्ये उघडत नसेल, तर ती फाइल यंत्रावर नसून फक्त तिची पाटी तिथे आहे, हे आधी तपासावे.

मराठीत फाइलींना नावे देणाऱ्यांसाठी एक खास सूचना. एनटीएफएसमध्ये नावाची मर्यादा २५५ अक्षरचिन्हांची आहे, लिनक्सच्या ईएक्सटी४ मध्ये ती २५५ बाइटची. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना, मात्रा आणि हलन्तसुद्धा, तीन बाइट घेते. ‘क्षेत्र’ हा दोन अक्षरांचा दिसणारा शब्द सात चिन्हांचा, म्हणजे २१ बाइटचा. त्यामुळे ८५ चिन्हांहून लांब मराठी नाव डी ड्राइव्हवर सुखाने नांदते, पण लिनक्सच्या घरच्या फोल्डरमध्ये कॉपी करताना ‘फाइल नेम टू लाँग’ असे म्हणून अडते. फोल्डरभर फाइली कॉपी करताना अशी एखादी मागे राहते आणि लक्षातही येत नाही. दस्तऐवज, सभांचे वृत्तांत, शाळांचे अहवाल अशी लांब नावे ठेवणाऱ्या संस्थांनी हे ध्यानात घ्यावे.

मांडणीबाबत माझे स्पष्ट मत: दोन्ही प्रणाल्यांना लागणारा डेटा वेगळ्या डी पार्टिशनवर, एनटीएफएसमध्येच ठेवावा. एक्सफॅट दोन्हीकडे चालते, पण त्यात जर्नल नाही; आपल्याकडे वीज जाते तेव्हा ते महागात पडते. ते पेनड्राइव्हला ठीक. सी ड्राइव्हवर लिनक्समधून कधीच लिहू नये; लागलाच तर फक्त वाचण्यापुरता उघडावा.

शेवटी विनंती संगणक विक्रेत्यांना आणि लॅब उभारणाऱ्यांना आहे. दोन प्रणाल्या टाकून देताना फास्ट स्टार्टअप बंद करणे, बिटलॉकरची की ग्राहकाला लिहून देणे आणि एफस्टॅबमध्ये ‘नोफेल’ घालणे ही तीन कामे इन्स्टॉलेशनच्या दरात धरावीत आणि ती केल्याची नोंद पावतीवर करावी. ग्राहकांनीही यंत्र ताब्यात घेताना विंडोज शट डाउन करून लिनक्स सुरू करावे, डी ड्राइव्हवर एक रिकामे फोल्डर करून पाहावे, आणि ते झाले तरच पैसे द्यावेत.

कळावे,
आपला,
संगणक दुरुस्तीच्या व्यवसायातील एक वाचक, नाशिक